बिनकाचेचा चष्मा

माझे बाबा फिटर होते. आधी परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये आणि गिरणी बंद पडल्यावर लोअर परळच्या एका गाळ्यात, जिथे पाच-सहा माणसं मिळून मशीनचे सुटे भाग बनवायची. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. आई, बाबा आणि मी. दुसरं मूल नव्हतं, त्यामुळे बाबांना जे काही कुणाला शिकवावंसं वाटायचं ते सगळं माझ्याच वाट्याला आलं. सायकल त्यांना स्वतःलाच येत नव्हती. औजारं मात्र यायची.

रविवारी मासे आणायला ते मला बरोबर न्यायचे. मासेवालीच्या पुढ्यातला कोयता दाखवून विचारायचे, ही सुरी हातात धरायची सोडून फळीवर उभी का ठोकलीय? मी काहीतरी सांगायचे, ते मान हलवायचे. मग म्हणायचे, बघ, मासा निसटतो, त्याला धरायला दोन्ही हात लागतात. सुरीसाठी तिसरा हात आणणार कुठून? म्हणून ती पायाखाली. चाळीखाली शिंपी होता. त्याच्या मोठ्या कात्रीचे दांडे पात्याच्या रेषेत नसायचे, वर उचललेले असायचे, कुणीतरी वाकवल्यासारखे. बाबांनी एकदा त्याच्या टेबलावर मला आधी घरची साधी कात्री चालवायला लावली. माझी बोटं टेबलाला घासत होती आणि प्रत्येक कापाला कापड वर उचललं जात होतं. मग शिंप्याची कात्री दिली. खालचं पातं टेबलावर सपाट सरकत गेलं, कापड जागचं हललं नाही. करवतीचे दात एक डावीकडे आणि एक उजवीकडे असे फाकलेले का, तेही मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. कापाची फट पात्यापेक्षा रुंद व्हावी, पातं लाकडात अडकू नये, म्हणून.

"वाकड्या औजाराला हसू नकोस," ते म्हणायचे. "कुणाचा तरी हात तिथे अडलेला असतो."

लग्न होऊन मी माटुंग्याला आले. एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी, घर, सासूसासऱ्यांची आजारपणं. लालबाग काही लांब नाही, पण जाणं व्हायचं ते पंधरा दिवसांनी, रविवारी, दोन-तीन तासांसाठी. बाबा कामातून मोकळे झाले होते. खिडकीच्या कठड्याला त्यांनी वस्तू घट्ट धरून ठेवणारा एक छोटा वाइस बसवून घेतला होता आणि कानस घेऊन दिवसभर काहीतरी घासत बसायचे.

त्या सुमारास आईच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू बदलायला लागल्या. स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा, ओटा आणि मोरी. विळीच्या फळीवर, पात्याच्या दोन बोटं अलीकडे, एक पितळी खुंटा आला, सुपारीएवढा. सांडशीचा खालचा जबडा वरच्यापेक्षा बोटभर लांब झाला. डावाच्या दांड्याला मध्येच एक बाक आला, आणि पाठीमागून एक खाच. शेगडीच्या बटणांवर पितळेचे मणी बसले. शेगडी चार लोखंडी कोनांत अशी जखडली की पुसायला हलवताच येईना. ओट्याच्या कडेला लाकडी पट्टी ठोकली गेली. त्या पट्टीचा मला फार राग यायचा, ओटा धुतला की पाणी तिथेच तुंबायचं.

मी चेष्टा करायचे. नवऱ्याला सांगायचे, आमच्याकडची सांडशी पाहिलीस का, खालचे दात पुढे आलेल्या माणसासारखी दिसते. आई हसायची. एकदा मी बाबांना विचारलं की हे सगळं कशासाठी. जगातल्या प्रत्येक औजाराचं कारण सांगणारा माणूस, पण माझ्याकडे न बघता म्हणाला, "असंच. हात शिवशिवतात." आयुष्यात एवढ्या एकाच वेळी त्यांनी मला कारण सांगितलं नाही. मी ते खरं मानून चहा प्यायले आणि घरी निघून आले.

मग बाबांना पोटाचा कॅन्सर निघाला. परळच्या हॉस्पिटलात सात-आठ महिने फेऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. मी रजा काढून राहायला गेले. उशी पाठीशी घेऊन ते खिडकीशी बसायचे. हातात एका जुन्या चष्म्याची फ्रेम होती, काचा काढून टाकलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या जागी ते तारेचं एकेक कडं बसवत होते. मध्येच आईला जवळ बोलवायचे, फ्रेम तिच्या नाकावर ठेवायचे, तिची हनुवटी वर करायचे, बघायचे, काढायचे, पुन्हा वाकवायचे. कडं सुटून पडायचं, मी उचलून द्यायचे. मला वाटलं औषधांनी त्यांचं डोकं भरकटलंय. एके दुपारी मी म्हटलं, बाबा, पुरे आता, आडवे व्हा.

"एवढं एक होऊ दे," ते म्हणाले.

झालं बहुतेक. कारण त्यानंतर त्यांनी कानस हातात घेतली नाही. तीन आठवड्यांनी ते गेले.

आई दोन वर्षं त्या खोलीत एकटी राहिली आणि छान राहिली. रविवारी मी गेले की बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भाकऱ्या, सगळं तयार असायचं. खोली आरशासारखी स्वच्छ. माझ्याकडे येतेस का विचारलं तर म्हणायची, मला काय धाड भरलीय. मग चाळ पाडायचं ठरलं. नवी इमारत होईपर्यंत सगळ्यांनी भाड्याने दुसरीकडे राहायचं होतं. आईने भाड्याने कुठे जायचा प्रश्नच नव्हता. सासूसासरे तोवर गेलेले होते, घरात मी आणि नवरा. एक खोली रिकामी होती.

दोन रविवार मी सामान आवरायला गेले. भंगारवाला खाली थांबला होता. मी झपाट्याने काम करत होते, अशा वेळी मी कुणाचं ऐकत नाही. विळी बाहेर, सांडशी बाहेर, डाव बाहेर, शेगडी बाहेर. आई पलंगावर बसली होती. विळी उचलली तेव्हा तिने हात पुढे केला. मी म्हटलं, आई, माझ्याकडे तीन सुऱ्या आहेत, चॉपर आहे, हे कुठे ठेवू? तिने हात मागे घेतला. सर्वांत शेवटी देवाच्या फळीवरून तो चष्मा निघाला. काचा नाहीत, डोळ्यांच्या जागी तारेची कडी, एका काडीला दोरा बांधलेला.

"ता आसांदे गो," आई म्हणाली.

पन्नास वर्षं मुंबईत काढून आईचं बोलणं बरंचसं इथलं झालं होतं, पण मनातलं काही आलं की ती मालवणीवर जायची. ते राहू दे, असं ती म्हणाली. मी म्हटलं, बाबांची आठवण म्हणून त्यांचा चांगला चष्मा आहे ना, तो घेतलाय मी, हा मोडका कशाला? मी तो पिशवीत टाकला. त्या पिशवीत कॅलेंडरं होती, रिकाम्या बाटल्या होत्या, तुटलेलं गाळणं होतं. पिशवी मी स्वतः तीन मजले उतरून खाली नेऊन दिली.

आईने स्वतःहून घेतली ती एक छोटी पत्र्याची डबी. ती तिने कमरेच्या बटव्यात ठेवली. आत काय आहे, मी विचारलं नाही.

माझ्या स्वयंपाकघराचं काम मी वर्षभरापूर्वीच करून घेतलं होतं. सगळं पांढरं. कपाटांना मुठी नाहीत, दाबलं की उघडतात. ओटा एकसंध, कडेला काही नाही. शेगडी काचेची, बटणं नसलेली, बोट टेकवलं की चालू होणारी. मी आईला अभिमानाने दाखवलं. सांगितलं की ज्योत नाही, गॅस गळायची भीती नाही, तुझ्यासारखीसाठी अगदी सुरक्षित. तिने काचेवरून हात फिरवला. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मला वाटलं कौतुकाने फिरवतेय.

पहिल्याच आठवड्यात तिने दोन कप फोडले. चहा ओतताना बशीत, ओट्यावर, पायावर. कांदा चिरताना अंगठा कापला. उघड्या राहिलेल्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटलं. मी लायब्ररीतून येऊन ओटा पुसायचे आणि बोलायचे. बोललेलं सगळं आठवतं मला. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणाले. लालबागला सगळं नीट करायचीस, इथे मुद्दाम करतेस का, असंही एकदा म्हणाले. ती त्यावर म्हणाली, सवय होईल गो.

पावसाळा संपता संपता तिने तापलेल्या काचेवर पूर्ण पंजा ठेवला. मी बाहेरच्या खोलीत होते. ती ओरडली नाही. मला वास आला म्हणून मी आत धावले. डॉक्टरांकडून पट्टी करून आणली आणि त्याच दिवशी सांगून टाकलं की आजपासून तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाहीस. बाल्कनीजवळ तिच्यासाठी चांगली खुर्ची मांडली, उशी ठेवली. ती खुर्चीत बसली. नंतर तिथेच बसून राहायला लागली. बोलणं कमी झालं. मी पाणी पुढे केलं तर तिचा हात ग्लासाच्या बाजूने निघून जायचा. मी नवऱ्याला म्हटलं, हिला विसरायला व्हायला लागलंय, डोक्याच्या डॉक्टरला दाखवायला हवं.

ते डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी आईला काय काय विचारलं. वार, महिना, मुलीचं नाव, चाळीत शेजारी कोण होतं. तिने सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी स्वतःचं बोट तिच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणलं आणि दिसलं की सांगा म्हणाले. बोट पार नाकासमोर येईपर्यंत ती गप्प होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी लिहून दिली.

डोळ्यांची डॉक्टर दादरला होती, तरुण मुलगी. तिने आईला एका यंत्रासमोर बसवलं, हातात एक बटण दिलं, ठिपका दिसला की दाबा म्हणाली. मी बाजूला उभी होते. यंत्र टिकटिक करत होतं. आई बटण हातात घट्ट धरून वाट बघत होती. मधूनच एकदा दाबायची. पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. छापून आलेला कागद डॉक्टरने माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक डोळ्यासाठी एक गोल, आणि गोल जवळजवळ पूर्ण काळा. मधोमध एक पांढरी फट, मुगाच्या दाण्याएवढी.

तिने समजावलं की हा काचबिंदू आहे, नजर कडेकडून आत मिटत येते, गेलेली परत येत नाही. आईला विचारलं, आजी, थेंब चालू होते का कधी?

"होते," आई म्हणाली. "हिचे बाबा घालायचे. सकाळ-संध्याकाळ."

मग डॉक्टर मला म्हणाली, हे सहा महिन्यांतलं नाही, दहा-बारा वर्षांचं असणार. थेंबांनी धरून ठेवलं होतं, ते मध्ये बंद पडलेले दिसतात. आणि एवढ्या नजरेवर या एकट्या स्वयंपाक कसा करत होत्या? घरात कुणी खास काही व्यवस्था केली होती का?

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलं आणि मला तो पितळी खुंटा दिसला.

टॅक्सीत आम्ही दोघी मागे बसलो. शिवाजी पार्कच्या सिग्नलला मी विचारलं, चष्मा कशाला होता?

तिने मान मागे टेकली, नाकावर नसलेला चष्मा दोन बोटांनी नीट केला आणि हाताने दाखवलं. कड्यात औषधाची बाटली उलटी बसवायची. ती बरोबर डोळ्यावर येते, हालत नाही. दाबलं की थेंब आत. बाबांना माहीत होतं की पुढे थेंब घालायला ते नसणार. तिच्या नाकावर फ्रेम ठेवून, हनुवटी उचलून ते तेच मोजत होते. दोन वर्षं तिने तसे थेंब घातले. खालच्या औषधवाल्याला रिकामी बाटली दाखवायची आणि नवी घ्यायची. माझ्याकडे आल्यावर चष्म्याशिवाय घालून पाहिले, ते गालावर पडायचे. बटव्यातून आणलेली महिनाभराची बाटली आठवड्यात संपली. दुसरी आण म्हणून मला सांगितलं असतं तर मी कसली बाटली म्हणून विचारलं असतं.

घरी आल्यावर मी तिला एकेक गोष्ट विचारली आणि तिने एकेक सांगितली. हात सरकवत नेला की आधी खुंटा लागतो, मग पातं कुठे ते कळतं. सांडशीचा खालचा ओठ टोपाला टेकला की थांबायचं, मग मिटायचं. डावाचा बाक टोपाच्या काठात अडकतो, डाव आत घसरत नाही आणि शोधावा लागत नाही. खाच अंगठ्याखाली आली म्हणजे डावाचं तोंड वर आहे. बटणावरचा मणी खाली असला की गॅस बंद. ओट्याच्या कडेची पट्टी तर मला विचारावीही लागली नाही.

मग तिने बटव्यातली डबी काढली. आत तांब्याच्या तारेचा एक आकडा होता, मासे धरायच्या गळाएवढा. तिने कप मागितला, आकडा त्याच्या काठावर अडकवला. एक टोक आत, काठापासून बोटभर खाली. दुसरं बाहेर, तिच्या न भाजलेल्या हाताच्या बोटाखाली. मी गरम पाणी ओतलं. पाणी तारेला लागलं तशी ती "बस" म्हणाली. तांबं लगेच तापतं, बाहेर बोटाला कळतं. ओतताना कपात बघायला लागत नाही.

"मग इथे का नाही वापरलास?" मी विचारलं.

"तू बघशील म्हणून."

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस, बाबांनी तरी का नाही? ती म्हणाली की त्यांना सांगायचं होतं, तिनेच शपथ घातली होती.

"तुला सांगितलं असतं, तर तू मला खुर्चीत बसवून ठेवलं असतंस," ती म्हणाली. तिने ते टोचून म्हटलं नाही. ती त्या वेळीही त्याच खुर्चीत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून लालबागला भंगारवाल्याकडे गेले. त्याला मी आठवत होते. पितळ-तांबं त्याच आठवड्यात गेलं, लोखंड महिन्याने, कचरा कचऱ्यात, म्हणाला. चष्म्याचं विचारल्यावर त्याला कळेना की असल्या वस्तूसाठी ही बाई का आलीय. मागे ढीग होता, हवं तर बघा म्हणाला. मी तासभर बघितलं. चाळीच्या जागी पत्रे लागले होते.

मग मी एक साधी फ्रेम विकत घेतली आणि गिरगावात चांदीची डागडुजी करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. त्याला चित्र काढून दाखवलं. त्याने चांगलं काम केलं, बाबांच्यापेक्षा सफाईदार. पण बाटली कपाळाकडे झुकायची. पुन्हा नेली, तर नाकाकडे. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ताई, त्यांना घेऊन या, चेहऱ्यावर बसवूनच होईल हे. आईला त्याच्या दुकानाचा जिना चढणं जमलं नसतं. मी स्वतः घरी पक्कडीने वाकवायला गेले आणि कडं तुटलं. आता सकाळ-संध्याकाळ थेंब मीच घालते. डॉक्टरने सांगितलंय घालत राहा. तोवर उजवा डोळा पूर्ण गेला होता. या वर्षी डावाही गेला.

काचेची शेगडी मी काढून टाकली. बटणांची आणली, बटणांवर मणी बसवले, ओट्याला पट्टी ठोकून घेतली. आईला हाताला धरून आत नेलं. तिने सगळ्याला हात लावून पाहिला, छान केलंस म्हणाली आणि परत खुर्चीत जाऊन बसली. तिचा भाजलेला हात बरा झालाय, पण त्या बोटांच्या टोकांना आता काही कळत नाही. हे ती मला नंतर बोलली.

परवा रविवारी मी बांगडे आणले. आईने खुर्चीतून सांगितलं तसं तिखलं केलं, तिरफळं ठेचून घातली, कोकम घातलं. तिला आधी वाढलं. तिने भातात कालवून घास घेतला. मी विचारलं, मीठ?

"बरोबर हा," ती म्हणाली.

तिने सगळं संपवलं, वर थोडा भात मागून घेतला. मग मी माझं ताट वाढून घेतलं. पहिल्या घासालाच कळलं की मी मीठ घालायचंच विसरले होते. ती समोर बसली होती, माझ्या थोडं डावीकडे बघत. मी उठून मीठ आणलं नाही. तसंच जेवले.